गाळाच्या तीन बरण्या : विनोग्राद्स्की स्तंभाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

तळ्याच्या काठचा गाळ आणला. दोन बादल्या गाळ आणि एक बादली त्याच तळ्याचं पाणी. वरची कोरडी माती घेतली नाही. पाण्याखालचा, हाताला लोण्यासारखा लागणारा गाळ घेतला. काटक्या, कुजकी पानं, गोगलगायी काढून टाकल्या आणि उरलेला गाळ जाड चाळणीतून चाळला. यात अडीच तास गेले. हे काम टाळू नका. एखादी गोगलगाय आत राहून मेली, तर तिच्याभोवतीचा गाळ वेगळाच वागतो आणि मग कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

गाळ, पाणी, थोडा कागद आणि थोडं जिप्सम उंच पारदर्शक बरणीत भरून उजेडात ठेवलं, की काही आठवड्यांत गाळात रंगांचे थर पडतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात ही पद्धत वापरली, म्हणून हा ‘विनोग्राद्स्की स्तंभ’. बहुतेक जण एकच बरणी लावतात आणि ‘जिवाणू आपापल्या सोयीच्या थरात जाऊन बसले’ असं लिहून थांबतात. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ते सोयीचे थर आधीपासून तिथे होते, की जिवाणूंनीच ते तयार केले?

म्हणून तीन बरण्या. ‘क’ : जिवंत गाळ, उजेडात. ‘ख’ : तोच गाळ, पण निर्जंतुक केलेला, उजेडात. ‘ग’ : जिवंत गाळ, काळा कागद गुंडाळून अंधारात. ‘ख’ मध्येही थर पडले, तर माझी शंका चुकीची.

७ जानेवारी

दोन-दोन लिटरच्या उंच बाटल्या घेतल्या. गाळाच्या खालच्या तिसऱ्या भागात बारीक फाडलेला कागद मिसळला (हे कार्बनचं खाद्य), अंड्याच्या कवचाचा चुरा घातला (कॅल्शियम कार्बोनेट) आणि सल्फेटसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समच, असा माझा समज होता.

९ जानेवारी

तो समज महागात पडला. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी उडवलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते पुन्हा जिप्सम होतं आणि होताना घट्ट बसतं. तिन्ही बाटल्यांच्या तळाशी दगडासारखे गठ्ठे झाले आहेत. काडीने फोडायला गेलो तर एका बाटलीचा तळच तडकला. सगळा गाळ ओतून दिला.

उपाय : फळ्यावरचा खडू. बरेच खडू जिप्समचे असतात, पण काही कॅल्शियम कार्बोनेटचेही असतात. ओळखायला सोपं आहे : खडूच्या चुऱ्यावर व्हिनेगर टाका. फसफसला तर कार्बोनेट, गप्प राहिला तर जिप्सम. माझ्याकडच्या दोन प्रकारांपैकी एक फसफसला, दुसरा नाही. दुसरा कुटून बारीक केला.

१० जानेवारी

पुन्हा भरलं. ‘ख’ साठीचा गाळ पातेल्यात अर्धा तास उकळला, गार झाल्यावर बाटलीत ओतला. कागद या वेळी सढळ हाताने घातला, लवकर परिणाम दिसावा म्हणून.

१८ जानेवारी

‘क’ आणि ‘ग’ दोन्हींत गाळ मधोमध फाटला आहे. खाली वायूचा मोठा फुगा, त्यावर गाळाची चार बोटं जाड चकती उचलली गेली आहे. ‘क’ चं झाकण घट्ट होतं. सैल करताच फस्सकन वायू आला आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

कारण कागद. इतकं खाद्य एकदम मिळाल्यावर आंबवणाऱ्या जिवाणूंनी कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायू बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार केले. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘बायोस्फिअर २’ नावाच्या बंदिस्त काचघरात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली होती. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली आणि दार बंद झालं. आतली माती पिकांसाठी सेंद्रिय द्रव्याने मुद्दाम समृद्ध केलेली होती. मातीतल्या जिवाणूंनी ते खाताना ऑक्सिजन वापरला; सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साधारण १४.५ टक्क्यांवर उतरला आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. बराच काळ हिशेब लागत नव्हता, कारण ऑक्सिजन जेवढा घटला तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत दिसत नव्हता. तो आतल्या काँक्रीटने शोषून घेतला होता. आठ माणसं आणि हजारो झाडं असलेल्या घराची हवा कशी राहील, हे शेवटी मातीतल्या जिवाणूंनी आणि भिंतीतल्या चुन्याने ठरवलं. माझ्या बाटलीतला फुगा पाहिल्यावर ती गोष्ट मला प्रथमच नीट उमगली.

पातळ पट्टीने गाळ टोचून वायू काढला. झाकणं आता नुसती टेकवलेली असतील. बरणी उघडताना नाक जवळ नेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. सडक्या अंड्यांचा वास असलेला हा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो विषारी आहे आणि नाकाला त्याची सवय होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असं नाही.

२ फेब्रुवारी

‘ख’ काळी पडू लागली. ज्या बाटलीत काहीच जिवंत नसायला हवं, तिच्या तळाशी तीन काळे डाग आहेत, प्रत्येक मटाराच्या दाण्याएवढा.

दिवसभर उदास होतो. मग कारणं लिहून काढली. एक, काही जिवाणू बीजाणू (जाड कवचातली झोपलेली अवस्था) करून बसतात आणि बीजाणूंना १०० अंशांचं उकळणं पुरत नाही. दोन, गाळ गार झाल्यावर मी तो उघड्या हवेत ओतला, न उकळलेल्या बाटलीत. यातलं नेमकं कोणतं कारण खरं हे आता कळणार नाही, कारण दोन्ही चुका एकाच वेळी केल्या. कदाचित दोन्हीही असतील.

बीजाणूंवरचा इलाज भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७७ साली दाखवून दिला होता : एकदाच खूप उकळण्यापेक्षा रोज एकदा, असं लागोपाठ उकळायचं. पहिल्या उकळण्यातून वाचलेले बीजाणू मधल्या काळात उगवतात आणि उगवलेला जिवाणू दुसऱ्या उकळण्यात मरतो. (पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतात, हे १८५९ पासूनच्या प्रयोगांतून दाखवणारे टिंडल हेच.) मी दोन्ही करणार आहे : प्रेशर कुकर, आणि तोही तीन दिवस.

उंच बाटल्या कुकरमध्ये मावत नाहीत. म्हणजे तिन्ही बरण्या बदलायच्या, कारण एकच बरणी लहान ठेवली तर तुलना कसली? पहिला महिना गेला.

६ फेब्रुवारी, दिवस ०

पुन्हा सुरुवात. एक-एक लिटरच्या तीन सारख्या काचेच्या बरण्या. प्रत्येकीत तळापासून १२ सेंटिमीटर गाळ, वर ४ सेंटिमीटर पाणी. कागद आधीच्या एक चतुर्थांश. खडूचा चुरा एक मोठा चमचा, कवचाचा चुरा तेवढाच. ‘ख’ भरलेल्या अवस्थेतच, तोंडावर ॲल्युमिनियमची फॉइल दुहेरी बांधून, ४, ५ आणि ६ तारखेला रोज पाऊण तास कुकरमध्ये ठेवली. गाळ जाड असतो, उष्णता मधोमध पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पाऊण तास. कुकर आपोआप गार होऊ द्या. घाईने दाब सोडला तर बरणीतलं पाणी उसळून फॉइल भिजते.

तिन्ही बरण्यांत दोन-दोन लांब खिळे उभे रोवले आहेत, तळापर्यंत जाणारे. ही गंजकाठीची पद्धत. लोखंडाला ऑक्सिजन मिळेल तिथे ते तांबूस गंजतं, न मिळेल तिथे गंजत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड असेल तिथे काळं पडतं. कुठलंही महागडं यंत्र न लावता आत काय चाललंय ते कळतं.

उजेड : पांढरा एलईडी दिवा, रोज १२ तास.

११ फेब्रुवारी, दिवस ५

‘क’ चं पाणी हिरवट. बाकी दोन्ही स्वच्छ.

१८ फेब्रुवारी, दिवस १२

‘क’ आणि ‘ग’ मध्ये काचेला लागून काळे ठिपके दिसू लागले. ‘ख’ एकसारखी तपकिरी आहे, शिजल्यामुळे मूळ गाळापेक्षा किंचित गडद. त्या बरणीकडे मी दिवसातून चार वेळा बघतो.

‘क’ च्या पाण्याचा पीएच पट्टीने मोजला (आम्लतेचं माप : आकडा एकने वाढला की आम्लता दहापट कमी). दिवा लागण्याआधी सकाळी ७.५, संध्याकाळी दिवा बंद होण्याच्या सुमारास ९. पट्टी चुकीची असेल असं वाटून तीन दिवस सलग मोजला, तेच. ‘ख’ मध्ये सकाळ-संध्याकाळ ८ च्या आसपास, हलतच नाही. ‘ख’ चं हे मोजमाप उकळलेल्या ड्रॉपरने एकच थेंब काढून केलं आणि पुन्हा करणार नाही. उघडायची भीती वाटते.

शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे आम्लता कमी होते. रात्री श्वासातून तो परत सोडतं. थोड्याशा हिरव्या गाळपाण्याने दीड अंकाचा फरक पाडणं म्हणजे आम्लतेत तीसपट फरक, आणि तो रोज.

२ मार्च, दिवस २४

खिळा ओढून पाहिला. कुठेही गंज नाही. ना वर, ना खाली. सबंध खिळ्यावर फक्त पांढुरकी पूड.

पाकीट पुन्हा पाहिलं. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले होते. न गंजण्यासाठीच बनवलेले. २४ दिवसांचं मोजमाप वाया गेलं. तुम्ही करणार असाल तर साधी, मुलामा नसलेली लोखंडी तार घ्या, सँडपेपरने घासून चकचकीत करा आणि आधी एक तुकडा ओल्या कापसात दोन दिवस ठेवून गंजतोय ना ते बघा.

तारा बदलल्या. ‘ख’ साठीच्या तारा ओव्हनमध्ये १७० अंशांवर दोन तास ठेवल्या, मग मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी फॉइल जेमतेम उचलून आत रोवल्या. हात थरथरत होता.

५ मार्च, दिवस २७

जांभळा किंवा हिरवा थर अजून नाही. ‘क’ मध्ये वर शेवाळ जोरात, खाली काळं जोरात आणि मधे काहीच नाही. उजेड कमी पडतोय असं वाटून दिवा जवळ नेणार होतो. मग उजेडाच्या रंगाचा विचार केला. जांभळे गंधक-जिवाणू मुख्यतः ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला अवरक्त प्रकाश वापरतात, जो आपल्याला दिसत नाही. पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतोच. म्हणजे मी शेवाळाला पोटभर देत होतो आणि त्याच्या खालच्यांना अर्धपोटी ठेवत होतो.

या जिवाणूंना हा प्रकाश का लागतो, हेही सुंदर आहे. वरचं शेवाळ दिसणारा तांबडा आणि निळा प्रकाश गाळून घेतं. त्यातून खाली जे झिरपतं, त्यावर जगायला हे शिकले. वरच्या जिवाने खालच्या जिवाचा उजेडच बदलून टाकला.

जुन्या पद्धतीचा तारेचा ४० वॉटचा बल्ब लावला. त्यात अवरक्त भरपूर असतं.

११ मार्च, दिवस ३३

बल्ब २० सेंटिमीटरवर ठेवला होता. काच हाताला गरम लागली म्हणून थर्मामीटर टेकवला : ४३ अंश. बल्बसमोरच्या बाजूचं शेवाळ सोलून निघालंय, फिकट पिवळं. बल्ब अर्ध्या मीटरवर नेला, आता काचेजवळ २९ अंश. सहा दिवस गेले, पण बरणी वाचली.

पाणी सेंटिमीटरभर आटलं होतं, उकळून गार केलेलं पाणी घातलं. ‘क’ आणि ‘ख’ दोन्हीत सारखंच.

१९ मार्च, दिवस ४१

आला. ‘क’ मध्ये, गाळाच्या पृष्ठभागाखाली साधारण ३ सेंटिमीटरवर, काचेला चिकटून एक ठिपका. मसुराच्या डाळीएवढा, जांभळट गुलाबी. टॉर्च तिरका धरून पाहिला तेव्हा त्याच्या कडेने आणखी चार बारीक ठिपके दिसले.

२२ मार्च, दिवस ४४

जांभळ्याच्या खाली, अडीच-तीन सेंटिमीटर अजून खोल, शेवाळापेक्षा वेगळा असा मळकट हिरवा पट्टा. हे हिरवे गंधक-जिवाणू असावेत. ते जांभळ्यांपेक्षा कमी उजेडात भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त सोसतात, म्हणून खाली. हे दोघेही ऑक्सिजन सोडत नाहीत. पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड फोडतात. तो त्यांना कोण पुरवतं? तळाचे सल्फेट-जिवाणू, जे खडूतलं सल्फेट श्वासासाठी वापरून हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. आणि सल्फेट-जिवाणूंना ऑक्सिजन नसलेली जागा कोण करून देतं? वरचे, जे वाटेतला ऑक्सिजन संपवतात. एकाचा कचरा दुसऱ्याचं खाद्य आणि एकाची उणीव दुसऱ्याची जागा.

काळ्या समुद्रात हीच मांडणी पाण्यात आहे. साधारण १५० ते २०० मीटरच्या खाली ऑक्सिजन नाही, तळापर्यंत हायड्रोजन सल्फाइड, आणि समुद्र २,२०० मीटरहून खोल आहे. जिथे ही सीमा वर, शंभरेक मीटरवर येते, तिथे जेमतेम पोहोचणाऱ्या उजेडात हिरवे गंधक-जिवाणू सापडले आहेत. माझ्या बरणीत हे सगळं दहा सेंटिमीटरमध्ये आहे.

३० मार्च, दिवस ५२

‘क’ आणि ‘ख’ मधली एकेक तार काढली. आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

‘क’ ची तार : पाण्यातल्या भागावर जाड, खवल्यांचा तांबूस गंज. तो गाळात शिरतो आणि पृष्ठभागाखाली जेमतेम ४ मिलिमीटरवर थांबतो. विरत नाही, थांबतो, पट्टीने रेघ ओढल्यासारखा. त्याखाली अर्धा सेंटिमीटर तार तशीच चकचकीत, मी सँडपेपरने घासलेल्या रेघाही दिसतात. त्याखाली तळापर्यंत काळी, काजळी लागल्यासारखी. बोट फिरवलं तर काळं बोटाला आलं.

‘ख’ ची तार : वरच्या भागावर गंज, आणि तो गाळात ७ सेंटिमीटरपर्यंत गेलेला. हळूहळू फिकट होत गेलेला. कुठे संपला ते नेमकं सांगता येत नाही. काळं कुठेही नाही.

मी तिथेच बसून राहिलो. जिवंत गाळात ऑक्सिजन ४ मिलिमीटर, मेलेल्या गाळात ७ सेंटिमीटर. गाळ तोच, पाणी तेच, दिवा तोच, दिवस तेवढेच. तळाशी ऑक्सिजन नसण्याचं कारण ‘खोल आहे’ हे नाही. वाटेत कुणीतरी तो खातंय, म्हणून तो तिथे पोहोचत नाही. खाणारे काढून घेतले, तर तो निवांतपणे खाली उतरतो.

मग ‘क’ च्या काळ्या थरातला चमचाभर गाळ काढून पांढऱ्या बशीत पसरला. शाईसारखा काळा होता. दहा मिनिटांत कडा राखाडी झाल्या. तासाभरात सगळा थर तपकिरी झाला आणि मधे फक्त एक काळी खूण उरली, जिथे तो जाड होता. तो काळा रंग म्हणजे लोह आणि सल्फाइड यांचं संयुग; हवेतल्या ऑक्सिजनने ते मोडलं. चाळीस दिवस लागून तयार झालेला रंग माझ्या टेबलावर तासात उतरला.

पृथ्वीवर असंच काहीसं एकदा, फार सावकाश झालेलं आहे. सुरुवातीच्या समुद्रांत ऑक्सिजन नव्हता आणि लोह विरघळलेलं होतं. नीलहरित जिवाणूंनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केल्यावर ते लोह गंजून तळाशी बसत गेलं. लाल-करड्या पट्ट्यांचे जे प्रचंड खडक आज लोहखनिजाचा मुख्य साठा आहेत, त्यांचा बराच भाग असा साचला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन हवेतही टिकू लागला. आपण वापरतो त्या लोखंडामागे आणि आपल्या श्वासामागे एकाच प्रकारचा जीव आहे. माझ्या तारेवरच्या त्या ४ मिलिमीटरवरच्या रेघेत ती गोष्ट बोटाने चाचपता येते.

चूक : तार ओढताना ‘क’ च्या जांभळ्या थराला चीर गेली. तार काचेपासून दूर, मधोमध रोवायला हवी होती.

३ एप्रिल, दिवस ५६

‘क’ मध्ये पाण्याच्या रेषेजवळ काचेवर पांढरट खरखरीत कडा. नखाने खरवडली, व्हिनेगर टाकलं, फसफसली. कॅल्शियम कार्बोनेट. संध्याकाळी पीएच चढतो तेव्हा ते पाण्यातून बाहेर पडून बसतं. ‘ख’ मध्येही पाणी आटतं, तरी तिथे बोटाला जेमतेम जाणवेल एवढाच साका. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला शार्क बे इथे उथळ खारट पाण्यात नीलहरित जिवाणूंचे थर गाळ धरून आणि कार्बोनेट साचवून गुडघ्याएवढे दगडी खांब करतात. तसेच खांब साडेतीनशे कोटी वर्षं जुन्या खडकांतही मिळतात.

दुपारी ‘क’ च्या शेवाळाखाली ऑक्सिजनचे बुडबुडे साचून त्याचा थर गादीसारखा फुगून वर येतो. दिवा गेला की तासा-दोन तासांत खाली बसतो. मुलांना दाखवायचं असेल तर ही वेळ.

७ एप्रिल, दिवस ६०

‘ग’ चा काळा कागद प्रथमच पूर्ण काढला. आत काळं, पृष्ठभागापर्यंत काळं. हिरवं नाही, जांभळं नाही. पाण्यावर मात्र दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा. खालून हायड्रोजन सल्फाइड येतो, वरून हवेतला ऑक्सिजन, आणि दोघं भेटतात त्या रेषेवर गंधकाचे कण धरून बसलेले जिवाणू. विनोग्राद्स्की यांनी स्ट्रासबर्गमध्ये असताना बेजियाटोआ या अशाच पांढऱ्या जिवाणूवर काम करून दाखवलं, की हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जीव जगू शकतो, त्यासाठी उजेड लागत नाही. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, त्यामुळे माझा पापुद्रा बेजियाटोआचाच आहे असं म्हणणार नाही.

उजेडाने काय बदलतं तेही बघायचं म्हणून ‘ग’ आता ‘क’ शेजारी, त्याच बल्बसमोर ठेवली.

२३ एप्रिल, दिवस ७६

‘ग’ मध्ये जांभळे ठिपके, एकदम अकरा. उजेडात आल्यापासून सोळा दिवसांत. ‘क’ ला एकेचाळीस लागले होते. ‘क’ चे पहिले सत्तावीस दिवस चुकीच्या दिव्याखाली गेले, तेव्हा सरळ तुलना करणार नाही. बल्ब लागल्यापासून मोजलं तर ‘क’ ला चौदा दिवस लागले, म्हणजे फरक जवळपास नाहीच. मात्र ठिपक्यांची संख्या आणि आकार ‘ग’ मध्ये बराच मोठा. अंधारातल्यांनी साठ दिवस हायड्रोजन सल्फाइड साठवून ठेवला होता. जांभळ्यांना आयतं भरलेलं घर मिळालं, असं मला वाटतं. खात्री करायची तर हाच भाग वेगळा, चार-चार बरण्या लावून करावा लागेल.

‘ख’ : काही नाही. तपकिरी, शांत. शहात्तर दिवस. कुकरचे ते तीन दिवस कामी आले.

२७ एप्रिल, दिवस ८०

‘ख’ मध्ये ‘क’ चा गाळ सोडला. ड्रॉपरने एक मिलिलिटर : अर्धा काळ्या थरातला, अर्धा वरचा हिरवा. काचेला लागून, तीन सेंटिमीटर खोल. काचेवर बाहेरून मार्करने फुली केली. कागद, खडू, कवच ‘ख’ मध्ये पहिल्या दिवसापासून होतंच. कमी होते ते फक्त खाणारे.

इतके दिवस जपलेली बरणी मुद्दाम ‘खराब’ करताना हात अडला, हे खरं.

६ मे, दिवस ८९

फुलीच्या जागी काळा डाग, नाण्याएवढा. पाणी किंचित हिरवं.

१२ मे, दिवस ९५

डाग खाली आणि बाजूंना पसरतोय, वर नाही. रोज संध्याकाळी काचेवर मार्करने त्याची कड आखतो. एकात एक अशा सहा रेघा झाल्यात. पीएच : सकाळी ७.५, संध्याकाळी ८.५.

२१ मे, दिवस १०४

‘ख’ ची दुसरी तार काढली. ती २ मार्चपासून आत होती, म्हणजे तिच्यावर दोन्ही काळ उमटले आहेत. वर ताजा तांबूस गंज, गाळात अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत. त्याखाली सात-आठ सेंटिमीटरपर्यंत जुना गंज आहे, पण तो आता तांबडा राहिलेला नाही. फुलीच्या पातळीला तो काळा झालाय आणि त्याच्या वर-खाली डाग-डाग, अर्धा तांबडा अर्धा काळा. एका ठिकाणी काळा थर नखाने खरवडला तर त्याच्याखाली गंजाचा कण तसाच होता.

तारेचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढला. नवी तार घासून मधोमध रोवली. पुढची काढणी १८ जूनला.